एक आवाज कमी

आमच्या बिल्डिंगमधून जेवढी पोरं बारावी पास होऊन बाहेरच्या जगात गेली, तेवढी सगळी पंपवाल्या आजोबांनी देवाला सांगून पाठवली, आणि देवानं ऐकलं नाय असं आख्ख्या आयुष्यात एकदाच झालं. बाकी सगळी नीट पोचली. कोण दुबईला एसी दुरुस्त करतो, कोण ठाण्याला बँकेत बसते, एक तर पोलिसात गेला, ज्याची लहानपणी कुत्रं भुंकलं तरी चड्डी ओली व्हायची. त्यांना विचारा, आयुष्यात काय कामाला आलं, शाळा का कॉलेज. हसतात आणि म्हणतात, गाऱ्हाणं.

आम्ही बोरीवली पूर्वेला, जंगलाच्या कडेला. आता आठ मजली बिल्डिंग आहे, आधी तिथं बैठी चाळ होती आणि चाळीच्या मधोमध विहीर. मी लग्न होऊन आले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि चौथी शिकलेली. पंपवाले तेव्हापासून तिथं. विहिरीवरचा पंप चालवायचा, हे त्यांचं काम. माझ्या सासरच्या गावाला लागून त्यांचं गाव, म्हणून मला ते वयनी म्हणायचे. पुढे बिल्डर आला, चाळ पडली, विहीर बुजवली आणि नेमकी त्याच जागेवर जमिनीखालची पाण्याची टाकी बांधली. पंपवाल्यांना बायको नाय, पोरबाळ नाय, खोली पण कुणा चुलत भावाच्या नावावर, म्हणून त्यांना घर मिळालं नाय. सोसायटीनं टाकीशेजारची पंपरूम दिली. त्यांनी कधी तक्रार केली नाय. "वयनी, माका बावीकडेच रवाचा होता," म्हणाले. बाव म्हणजे विहीर. मी म्हटलं, विहीर बुजवली की हो. तर म्हणतात, "तोंड बुजवल्यानी. बाव खंय जातली."

असं बोलायचे. मे महिन्यात खाकी स्वेटर घालायचे आणि थंडीत उघडे बसायचे. पंपाला बाय म्हणायचे. सकाळी बटण दाबायच्या आधी त्याच्या पाठीवर हात फिरवून, "ऊठ गो बाय, लोकांका आंघोळी आसत." पंप सुरू झाला नाय तर मेकॅनिकला बोलवायच्या आधी पंपाची माफी मागायचे. आणि मोजायचे. सगळं मोजायचे, पण माणसं जास्त. लग्नात पंगतीला बसले की घास घ्यायच्या आधी मान फिरवून माणसं मोजणार, आणि मग वाढप्याला सांगणार, एक पान अजून मांड. कुणासाठी ते सांगणार नाय. लिफ्टमध्ये आले की दार धरून उभे. "थांबा, बाकीचे येवंदेत." बाहेर कोणीच नसायचं. एकदा मी, माझी मुलगी शैला, समोरच्या कांबळेताई आणि पंपवाले, असे चौघं. लिफ्ट आठ माणसांची. त्यांनी दार धरलं, थोडं थांबले, मग सोडलं, आणि ओव्हरलोडची घंटा वाजायला लागली. कांबळेताई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या पाव्हण्यांना जिन्यानं पाठवा, माझे गुडघे दुखतात." पंपवाल्यांनी बाजूला बघून हात जोडले. घंटा थांबली.

संध्याकाळी ते दोन कप चहा करायचे. एक आपण प्यायचे, एक टाकीच्या लोखंडी झाकणावर ठेवायचे. त्याला मुंग्या कधी लागल्या नायत, हे मी स्वतः बघितलंय. कुणासाठी ठेवता, असं मी एकदाच विचारलं. "जो येतलो तेका."

पण त्यांचा खरा सीझन म्हणजे बारावीचा निकाल. पास झालेलं पोर पेढे घेऊन पंपरूममध्ये गेलं की पेढा बाजूला ठेवून त्याच्या हातात तांदूळ द्यायचे आणि स्टोव्ह दाखवायचे. भात करून दाखव. मुलगा असो, मुलगी असो. सेक्रेटरीच्या मुलाला एक्याण्णव टक्के पडले होते, त्यानं भात करपवला. पंपवाले वास घेऊन म्हणाले, "शिरा पडो तुझ्या टक्क्यार. उपाशी पोटान खंय इंजिनेर होतलस." पोराला चार दिवस बोलावलं, भात जमल्यावर सोडलं. आणि मग निघायच्या दिवशी गाऱ्हाणं.

ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगते. आमच्या कोकणात कुठलंही काम काढलं की जुना माणूस हातात नारळ घेऊन उभा राहतो आणि देवाला मोठ्यानं सगळं सांगतो. दर वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हणजे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांची त्यावर सही झाली. पंपवाले ते आधी विहिरीजवळ घालायचे, नंतर टाकीजवळ, आणि झाकण उघडून ठेवायचे. पोराला समोर उभं करून कोणी उपदेश केला तर पोर मोबाईल बघतं. हे पोराशी बोलायचेच नाय. देवाशी बोलायचे आणि पोराला ऐकू जायचं.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा वेशीच्या देवा, ह्या पोर आज घराभायर पडता, तेच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेका भाड्याची खोली घेवची पाळी इली तर आधी मोरीतला पाणी बगूची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"राग इलो तर राजीनामो देवच्या आधी तेका जेवची आठवण कर. सही करूक कोरो कागद पुढे केल्यानी तर तेचो हात धर. माका येणा नाय, माका शिकवा, ह्या म्हणाक लाज वाटूक नको. आणि कोण अस्सल मार्कशीट मागीत, तर तेच्या हातात झेरॉक्स दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पोरं हसून लोळायची. कांबळेताई बौद्ध, त्या देव मानत नायत, पण गाऱ्हाण्याला सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. म्हणायच्या, "पोराच्या भल्याला हो म्हणायला माझं काय जातं?" आणि सगळ्यांचं म्हणून झालं, हसणं थांबलं, की पंपवाले हात वर करायचे. सगळे गप्प. मग खालून, पाण्यातून, आमच्या मागनं जरा उशिरा, अजून एक आवाज यायचा. व्हय म्हाराजा. पोरं म्हणायची, इको आहे आजोबा. ते म्हणायचे, असात. म्हणजे असेल. पण तो आवाज आल्याशिवाय पोराला गेटबाहेर पाऊल टाकू द्यायचे नाय. त्यांचं म्हणणं एकच, सगळ्यांनी मनापासून म्हटलं तरच बाव बोलते. एक जरी गप्प राहिला, तरी नाय बोलत.

तुम्ही हसाल. तो एसीवाला पोरगा हसायचा. त्याला पहिल्या नोकरीच्या वेळी अंधेरीला एका ऑफिसात बोलावलं होतं. छान काचेचं ऑफिस, टाय लावलेला माणूस. म्हणाला, सर्टिफिकेटं इथं ठेवून जा, सोमवारी जॉइन हो. पोरानं फाइल पुढे केली, आणि पाठीमागून कोणीतरी हळूच म्हणालं, व्हय म्हाराजा. वळून बघितलं तर पाण्याचा कूलर, आणि त्यातून थेंब थेंब पडतोय. त्यानं फाइल मागे घेतली आणि झेरॉक्स काढून आणतो सांगून तिथून जो उठला, तो परत गेला नाय. महिन्याभरात त्या ऑफिसला कुलूप लागलं, आणि बाकीची पोरं आपापल्या मार्कशिटा शोधत फिरत होती. त्यानंतर तो पोरगा हसायचा बंद झाला. सुट्टीवर आला की पंपरूममध्ये चहापत्ती आणून द्यायचा. दोन पुडे. एक त्यांना, आणि एक, म्हणायचा, "त्यांना."

आता तो एकदाचा किस्सा. तो माझ्याच घरातला आहे.

माझे यजमान गिरणीत होते. ती बंद पडली आणि दोन वर्षांत ते गेले. मग मी शाळेत झाडू मारला, एकवीस वर्षं. लोकांच्या पोरांची बाकं पुसली आणि त्यावर माझी दोन वाढवली. मोठा बाळू, धाकटी शैला. बाळू चाळीतून बारावी झाला आणि त्याला जहाजावर स्वयंपाकघरात काम लागलं. भाताच्या परीक्षेत तो पहिला. शीत न् शीत मोकळं. पंपवाले म्हणाले, "ह्यो खंयय उपाशी मराचो नाय." निघायच्या सकाळी विहिरीवर गाऱ्हाणं झालं. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. मी म्हटलं नाय.

मी तोंड मिटून उभी राहिले. मला वाटलं, मी हो म्हटलं नाय तर देव त्याला जाऊ देणार नाय. आईच्या सहीशिवाय पोर कसं जाईल, एवढी माझी अक्कल. बाळू माझ्या तोंडाकडे बघत होता. एकदा म्हणाला पण, "आई, म्हण ना गं." मी पदर नीट केला. पंपवाल्यांनी हात वर केला, सगळे थांबले, आणि विहिरीतून काही आलं नाय. खूप वेळ थांबलो. बस चुकेल म्हणून लोक चुळबूळ करायला लागले. मग त्यांनी नारळ फोडला आणि म्हणाले, "तेवीस माणसा आसत. बावीस आवाज इले. एक आवाज कमी पडलो." सगळे एकमेकांकडे बघत होते. ते कुणाकडेच बघत नव्हते. मुद्दाम.

जाणं काय थांबलं नाय. जाणाऱ्याला कोण थांबवतं. सात महिने पत्रं आली. आठव्या महिन्यात जहाजाच्या ऑफिसातला माणूस आला. बसला, पाणी प्याला. म्हणाला, समुद्र शांत होता, वारा नव्हता, कुणी पडताना बघितला नाय. सकाळी हजेरी घेतली तेव्हा मोजणीत एक माणूस कमी भरला. एवढंच. मी त्याला चहा केला. तो गेल्यावर मी शाळेत गेले, कारण परीक्षा चालू होती आणि बाकं पुसायची होती. मी गप्प राहिले होते हे मी कुणाला सांगितलं नाय. शैलाला पण नाय. पंपवाल्यांना सांगायची गरज नव्हती. दुसरा कप त्यानंतर सुरू झाला, आधी विहिरीच्या काठावर, मग झाकणावर.

शैलाचं लग्न झालं, मोडलं, ती पोर घेऊन माझ्याकडे आली. ती पोर, माझी नात तन्वी, मागल्या वर्षी बारावी झाली आणि तिला नर्सिंगला मिरजेला नंबर लागला. भात तिनं पहिल्या दिवशीच नीट केला, पण पंपवाले काही बोलले नायत. बोलणार कसे. त्याच्या आठ महिने आधी त्यांना झटका आला होता, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. डाव्या हातानं पंप चालवायचे. पंपाला बाय म्हणता येत नाय म्हणून नुसता हात जास्त वेळ फिरवायचे.

मी म्हटलं, यंदा गाऱ्हाणं नको, उगाच म्हाताऱ्याला त्रास. शैला म्हणाली, बरं. मला आतून सुटल्यासारखं झालं. कारण मला माझा गळा ठाऊक होता. पुन्हा तिथं उभं राहायचं, पुन्हा एक पोर गेटबाहेर जाणार, आणि माझ्या तोंडातून हो निघालं नाय तर. त्यापेक्षा नकोच. पण तन्वी ऐकेना. "सगळ्यांचं घातलं, माझंच नको? मी काय सावत्र आहे का गं आजी? सेक्रेटरी काकांकडे त्यांच्या मुलाच्या वेळचं आजोबांचं रेकॉर्डिंग आहे, ते लावू ना."

निघायच्या सकाळी सगळे टाकीजवळ जमलो. रिक्षा गेटवर उभी होती. सेक्रेटरीनं स्पीकर लावला आणि पंपवाल्यांचा जुना, भरलेला आवाज आला. "बा देवा म्हाराजा, ह्यो सिद्धेश पुण्याक जाता." सवयीनं निम्मे लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. तन्वी म्हणाली, "काका, मी सिद्धेश बनून मिरजेला जाऊ काय?" सगळे हसले. पंपवाले हसले नायत. स्वतःचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, जसा दुसऱ्याच्या अंगावर आपला शर्ट बघितल्यावर होतो. ते उठले, स्पीकर उचलला आणि शांतपणे पाण्याच्या बादलीत ठेवला. दोन-तीन बुडबुडे आले. मग त्यांनी नारळ घेतला आणि माझ्या हातात दिला.

सेक्रेटरी म्हणाला, "अहो, बाईमाणूस गाऱ्हाणं कसं घालणार? तुमच्यात चालतं काय?" कांबळेताई म्हणाल्या, "तुम्ही तुमचा स्पीकर वाळत घाला आधी."

मी आयुष्यात चार लोकांसमोर बोलले नव्हते. नारळ जड लागत होता. पंपवाल्यांनी झाकण उघडलं. खाली काळं पाणी, त्यात आमची कुणाची तोंडं दिसत नव्हती. मी त्या पाण्याकडे बघून बोलले. मालवणी मला आता धड येत नाय, जसं आलं तसं बोलले.

"बा देवा महाराजा, ही माझी नात. हिला भूक लागली तर भूक लागली असं सांगता येऊ दे."

"व्हय म्हाराजा."

"हिला कुणी हात लावला, कुणी वाईट बोललं, तर आपलंच चुकलं असं हिला वाटू देऊ नको. त्याच दिवशी सांगू दे. मी शाळेत एकवीस वर्षं नाय सांगितलं, हिला एक दिवस पण गप्प ठेवू नको."

"व्हय म्हाराजा." कांबळेताईंचा आवाज जरा फाटला.

"जिथं रडायला कोपरा नाय तिथं हिला ठेवू नको. दुसऱ्याची घाण काढायला लागली तर लाज वाटू देऊ नको, घाण काढणाऱ्याच्या हाताला वास राहत नाय. आणि नाय जमलं, तर परत यायची वाट हिला दाखव. परत येणं म्हणजे हरणं नाय. घराला कडी आतून लागते, बाहेरून नाय, हे हिला आठवू दे."

"व्हय म्हाराजा."

पंपवाल्यांनी डावा हात वर केला. सगळे गप्प झाले. पाणी गप्प. थांबलो. रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न दिला. काही आलं नाय. पंपवाल्यांनी बाकीची बोटं मिटली आणि एकच बोट वर ठेवलं.

एक कमी.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पंपवाले मात्र या वेळी सरळ माझ्याकडे बघत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, मी तर सांगणारी, सांगणाऱ्यानं व्हय म्हणायचं नसतं. पण बोट काही खाली येईना. तन्वी खांद्याला बॅग लावून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तसंच बघणं. मी पदर नीट करायला हात उचलला आणि तिथंच थांबवला.

म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मग खालून, पाण्यातून, उशिरा, आलं. व्हय म्हाराजा.

सेक्रेटरी म्हणतो, टाकी अर्धी रिकामी होती, माझाच आवाज घुमून परत आला. असेल. पण मी सत्तर वर्षं माझा आवाज ऐकतेय. खालून आला तो अठरा वर्षांचा होता.

पंपवाल्यांनी बोट मिटलं, झाकण हळू लावलं, दार लावावं तसं. तन्वी पाया पडली, "येते गं आजी," म्हणाली आणि गेली. त्या संध्याकाळी त्यांनी एकच कप चहा केला. झाकणावर काही ठेवलं नाय. मी बघून विचारलं, तर नुसती मान हलवली, म्हणजे आता नको.

तन्वी बरी आहे. पहिल्या महिन्यात रडली, मग एक कोपरा सापडला म्हणाली, औषधांच्या कपाटामागे. एका मोठ्या डॉक्टरला तिनं तोंडावर सांगितलं, मला हे येत नाय, शिकवा. त्यानं शिकवलं. फोनवर मला म्हणते, आजी, वॉर्डात नळ उघडला की मला आपली टाकी आठवते. मी म्हणते, आठवू दे.

पंपवाले थंडीत गेले, उघड्या अंगानं, पंपाला टेकून बसलेले. आता पंपाला सेन्सर लावलाय, आपला आपण सुरू होतो, त्याला कोणी ऊठ म्हणत नाय. त्यांना न्यायला निघाले तेव्हा सगळे घाईत होते, गाडीवाला ओरडत होता, आणि कुणाच्या लक्षात आलं नाय की जन्मभर सगळ्यांना सांगून पाठवणारा हा माणूस न सांगता निघालाय. नारळ नव्हता. गाऱ्हाणं घालणारा कोण नव्हता. ते गेटबाहेर गेले तशी मी टाकीजवळ गेले, वाकवेना तरी वाकले, झाकण बाजूला केलं. कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी मी म्हटलं, व्हय म्हाराजा. एक आवाज कमी पडायला नको.

मग तिथंच उभी राहिले. तो उशिरा येतो. घाई करायची नाय, हे त्यांनीच शिकवलंय.